एक नाव, सहा कृमी: वेस्ट फॅलमथच्या गाळातलं प्रकरण

16 सप्टेंबर 1969 ची पहाट. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बझर्ड्स बे नावाचा उपसागर आहे. त्याच्या किनाऱ्याजवळ ‘फ्लोरिडा’ नावाचा तेलवाहू बार्ज खडकांवर चढला आणि त्याच्या पोटातून हलकं इंधन तेल सुटलं. साडेसहा ते सात लाख लिटरच्या आसपास. नैऋत्येच्या वाऱ्याने ते वेस्ट फॅलमथच्या किनाऱ्याकडे, मुख्यतः वाइल्ड हार्बर या लहानशा खाडीत लोटलं. दोनच वर्षांपूर्वी ‘टॉरी कॅन्यन’ जहाजातून इंग्लंडच्या टोकाशी लाखाहून अधिक टन कच्चं तेल सांडलं होतं. 1969 च्याच जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ समुद्रातली तेलविहीर फुटली होती. त्या मानाने ही गळती किरकोळ होती. हलकं तेल आहे, थोडं उडून जाईल, थोडं लाटांनी विरेल, असंच कोणालाही वाटलं असतं.

तरीही समुद्रतळाच्या परिसंस्थेविषयी शिकताना या गळतीपाशी थांबावंच लागतं. याला दोन कारणं आहेत. अपघाताची जागा वुड्स होल ओशनोग्राफिक इन्स्टिट्यूशनपासून काही मैलांवर होती, आणि त्या उपसागराच्या गाळात कोण राहतं हे सगळ्यांत बारकाईने जाणणारा माणूस त्याच संस्थेत काम करत होता. दुसरं कारण जवळजवळ सात वर्षांनी पुढे आलं. तेलाने मारलेल्या गाळात पहिल्यांदा परतलेला, जगभर ‘प्रदूषणाचा दर्शक’ म्हणून ओळखला जाणारा कृमी एकटा नव्हताच, असं तेव्हा उघड झालं.

मी गाळाचे नमुने निवडण्याचं काम करते. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा तेलापेक्षा त्या कृमीच्या नावात आहे. पण तिथवर जायचं तर वाट गाळातूनच जाते.

आधीचा गाळ

समुद्राचा मऊ तळ वरून पाहिला तर ओसाड दिसतो. त्यातला ओंजळभर गाळ बारीक चाळणीत घेऊन पाणी सोडत राहिलं की खाली उरतात शिंपल्यांची पिल्लं, तांदळाच्या कणीएवढे कवचधारी (कोळंबी-खेकड्यांचे चिमुकले नातलग) आणि सगळ्यांत जास्त पॉलिकीट, म्हणजे अंगावर राठ केसांचे झुबके असलेले वलयांकित कृमी. गांडुळाचे आणि जळवांचे हे सागरी भाऊबंद. त्यांच्या 11 हजारांहून अधिक प्रजातींना आजवर नावं मिळाली आहेत. बहुतेकांच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी मांसल पाय असतात आणि त्यांतून केस बाहेर येतात. कोणी त्या केसांनी वल्हवतो, कोणी बिळाच्या भिंतीला धरून राहतो, कोणी बचावासाठी ते टोचतो. ओळख पटवायचीही त्याच केसांवरून. कुठल्या वलयावर साधा केस आहे, कुठे आकडा आहे, आकड्याला दात किती, हे मोजत बसावं लागतं.

त्यांची कामंही वेगवेगळी. काही डोकं खाली खुपसून गाळ गिळतात आणि शेपटीकडून वर विष्ठेच्या गोळ्यांचा ढीग घालतात, त्यामुळे खालचा गाळ सतत वर येत राहतो. काही बिळात अंग लहरवत पाणी खेळवतात. त्या पाण्याबरोबर प्राणवायू काही सेंटिमीटर खोल जातो, आणि जिथे काळा, कुजट गाळ असायचा तिथे बिळाभोवती तांबूस कडं तयार होतं. काही वाळूचे कण चिकटवून नळ्या बांधतात. या नळ्यांनी गाळाचा पृष्ठभाग बांधून ठेवला जातो, लाटेने सहज उठत नाही. काही निव्वळ शिकारी असतात. तळाशी फिरणारे मासे या सगळ्यांना खातात. यांतलं एकेक काम करणारे कृमी नाहीसे झाले की तळाचा स्वभावच बदलतो. वेस्ट फॅलमथला पुढे हेच घडलं.

वुड्स होलमधल्या त्या जाणकाराचं नाव हॉवर्ड सँडर्स. 1950 च्या दशकात त्यांनी बझर्ड्स बेच्या तळाचा पद्धतशीर अभ्यास केला होता. मऊ चिखलात नेफ्टिस इन्सिसा हा हिंडता पॉलिकीट आणि न्यूक्युला प्रॉक्सिमा ही इवलीशी शिंपली यांचं वर्चस्व, तर वाळूच्या भागात अँपेलिस्का नावाच्या नळीत राहणाऱ्या कवचधारींचं, असा तिथला नकाशा त्यांनी मांडला होता. गाळाचा कण केवढा यावर तिथे कोण खाणार आणि कसं खाणार हे ठरतं, हा त्यांचा निष्कर्ष आज पाठ्यपुस्तकात असतो. 1968 मध्ये त्यांनी विविधता मोजण्याची एक रीतही मांडली होती. तिच्याकडे पुढे वळेन.

अपघातापूर्वीची अशी नोंद हाती असणं ही फार दुर्मिळ गोष्ट. बहुतेक गळत्यांनंतर लोक मेलेलं मोजतात, पण आधी काय जिवंत होतं हे कोणाला सांगता येत नाही.

पहिले दिवस, पहिले महिने

सँडर्स आणि जॉर्ज हॅम्पसन यांनी अपघातानंतर दोन-तीन दिवसांतच उथळ पाण्यात जाळं ओढलं. वर आलेल्या प्राण्यांपैकी सुमारे 95 टक्के मेलेले होते आणि उरलेले मरणाच्या दारात. मासे, खेकडे, शिंपले, कृमी, कोणी सुटलं नव्हतं. किनाऱ्यावर मेलेल्या जीवांचे थर साचले. पुढच्या काही दिवसांत ते कुजून गेले आणि तळ वरून पाहणाऱ्याला पुन्हा स्वच्छ दिसू लागला. नेमक्या याच टप्प्यावर ‘संपलं, सावरलं’ असं म्हणण्याचा मोह होतो. पुरावाच सडून गेलेला असतो.

संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ मॅक्स ब्लूमर यांनी गाळाचे नमुने गॅस क्रोमॅटोग्राफवर चालवले. प्रत्येक तेलाचा त्या यंत्रावर आपापला ठसा उमटतो. ‘फ्लोरिडा’मधल्या तेलाचा ठसा गाळात आठवड्यांनी आणि महिन्यांनीही दिसत राहिला. जिवाणू सरळ साखळीची संयुगं आधी खातात. फांद्या फुटलेल्या साखळ्या आणि ‘सुगंधी’ म्हणवली जाणारी, बेंझिनसारख्या कड्यांची संयुगं मागे उरतात, आणि विषारीपणा बराचसा त्यांतच असतो. तेलातला निरुपद्रवी भाग आधी जातो आणि घातक भाग चिखलाच्या कणांना चिकटून राहतो, असं ते चित्र होतं.

त्याहून धक्कादायक गोष्ट म्हणजे तेल पसरत होतं. अपघातानंतर काही काळाने, आधी स्वच्छ असलेल्या ठिकाणच्या गाळातही ते सापडू लागलं. ब्लूमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं कारण गाळात काम करणाऱ्याला लगेच पटतं. खाजणातलं गवत मेलं, नळ्या बांधणारे कृमी आणि कवचधारी मेले. गाळ धरून ठेवणारेच गेले म्हटल्यावर तो लाटांनी उठू लागला आणि त्याच्या कणांवर बसलेलं तेल पुढच्या तळावर जाऊन बसलं. प्राणी मेल्याने प्रदूषण वाढलं आणि प्रदूषण वाढल्याने आणखी प्राणी मेले. ज्या किनाऱ्यावर अपघाताच्या दिवशी तेलाचा थेंबही पोचला नव्हता, तिथलाही तळ या वाटेने मरू शकला. तळाच्या समुदायाला बांधकाम म्हणून पाहायची सवय मला याच एका उदाहरणाने लागली.

तांबडे धागे

मग काही महिन्यांत सगळ्यांत जास्त तेल खाल्लेल्या जागांवर चाळणीत तांबडे धागे दिसू लागले. कॅपिटेला कॅपिटाटा. एक-दोन सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा, डोक्यावर काही मिरवत नसलेला कृमी. 1780 मध्ये ऑटो फॅब्रिशियस यांनी ग्रीनलंडचे प्राणी नोंदवताना त्याचं पहिलं वर्णन केलं तेव्हा त्यांनी त्याला थेट गांडुळाच्याच वंशात टाकलं होतं, आणि दिसायला तो तसा आहेच. बाजूचे मांसल पाय जवळजवळ नाहीतच, रक्तवाहिन्याही नाहीत. शरीरपोकळीतल्या द्रवात हिमोग्लोबिनने भरलेल्या पेशी तरंगतात, त्यांच्यामुळे तो तांबडा दिसतो. प्राणवायू कमी असलेल्या गाळात टिकायला त्यांची मदत होते. नर ओळखायचा तर आठव्या-नवव्या वलयाच्या पाठीवर सोनेरी पिवळे आकडे दिसतात.

नमुन्यांत दुसरं काही जवळजवळ नव्हतंच. एरवी ज्या चिखलात डझनावारी प्रजाती एकत्र नांदतात तिथे एकाच कृमीचा गालिचा. इथे चाळणीचा उल्लेख करायलाच हवा. या अभ्यासात सुमारे 0.3 मिलिमीटर छिद्रांची बारीक चाळणी वापरली होती. सर्वेक्षणांत सर्रास वापरली जाणारी 1 मिलिमीटरची चाळणी घेतली असती, तर कॅपिटेलाची पिल्लं पाण्याबरोबर खाली वाहून गेली असती आणि तो स्फोट बराचसा नजरेआड राहिला असता. चाळणीचं भोक ही तांत्रिक बाब वाटते, पण अहवालात काय ‘घडलं’ हे तेच ठरवतं.

हा कृमी इतक्या झटपट कसा येतो? मादी आपल्या नळीच्या आतल्या भिंतीला अंड्यांचं अस्तर लावते आणि ती त्याच नळीत सांभाळते. बाहेर पडणाऱ्या डिंभांच्या, म्हणजे अळीच्या अवस्थेतल्या पिल्लांच्या, पोटात बलकाची शिदोरी असते. त्यांना पाण्यात खात भटकायची गरज नसते आणि योग्य गाळ भेटला तर ते काही तासांतही बूड टेकतात. सेंद्रिय द्रव्याने भरलेला गाळ त्यांना आवडतो, आणि मेलेल्या जीवांनी भरलेल्या तळावर त्याची काय वाण! एक-दोन महिन्यांत पुढची पिढी तयार होते. माद्या कमी पडल्या तर काही नर उभयलिंगी होतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जागा रिकामी असते. खाणारा नाही, ढकलणारा नाही. कॅपिटेलाला तेल आवडतं असं अनेकदा लिहिलं जातं, ते चूक आहे. तेलातली काही संयुगं मोडणारे एन्झाइम त्याच्याकडे आहेत, पण त्याचं यश मुख्यतः शेजारी नसण्याचं आहे. शेजारी परतले की तो हटतो.

इथेही तसंच झालं. शिखर गाठून त्याची संख्या कोसळली आणि मागोमाग इतर येऊ लागले. फ्रेड ग्रासल आणि ज्युडिथ ग्रासल या जोडप्याने 1974 मध्ये या परतीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पॉलिकीटांची संधिसाधूपणाच्या क्रमाने रांग लावली. पहिला कॅपिटेला, मग पॉलिडोरा लिग्नी, पुढे सिलिड आणि हेसिओनिड गटांतले चिमुकले, मग स्ट्रेब्लोस्पिओ बेनेडिक्टी आणि मेडिओमास्टस अँबिसेटा. झपाट्याने वाढणं, लवकर वयात येणं, मोठी संख्या गाठणं ही संधिसाधूची लक्षणं सगळे सांगतात. ग्रासल दांपत्याने त्यांत एक भर घातली, ती मला फार मोलाची वाटते. मोठ्या प्रमाणावर मरणं हेही त्याच जीवनपद्धतीचं लक्षण आहे, असं त्यांनी म्हटलं. म्हणजे कॅपिटेलाची गर्दी ओसरणं हा तळ सुधारल्याचा आपोआप पुरावा होत नाही. ती तशीही ओसरतेच. तिची जागा कोणी घेतली हे पाहावं लागतं.

अँपेलिस्का मात्र लवकर आले नाहीत. तेलाला अतिशय हळवे, पिल्लं अंगावर वाढवणारे आणि म्हणून दूरवर न पसरणारे हे कवचधारी परतीच्या रांगेत फार मागे राहतात. वाळूच्या तळाची खरी प्रकृती विचारायची तर त्यांना विचारावं.

एकाचे सहा

आता प्रकरणाचा दुसरा भाग. ग्रासल दांपत्याने जिवंत कॅपिटेला प्रयोगशाळेत आणून वाढवले आणि इलेक्ट्रोफोरेसिसने त्यांच्या एन्झाइमांचे पट्टे तपासले. जेलमध्ये विजेच्या दाबाखाली प्रथिनं सरकतात. थोडा वेगळा घडलेला तोच एन्झाइम थोडा वेगळ्या जागी थांबतो. एकमेकांत वीण होणाऱ्या प्राण्यांत आई-बापांकडून आलेले वेगवेगळे प्रकार मिसळलेले दिसायला हवेत. इथे कृमी वेगवेगळ्या गटांत पडत गेले. जीवनक्रम पाहिला तर तोही गटागटाने वेगळा. कोणाची अंडी बारीक आणि डिंभ पाण्यात खात फिरणारे, कोणाची अंडी कित्येक पट मोठी आणि डिंभ बलकावर जगणारे.

1976 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी जाहीर केलं की केप कॉडच्या परिसरात कॅपिटेला कॅपिटाटा या एकाच नावाखाली निदान सहा प्रजाती आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्या, जननात आणि जगण्यात वेगळ्या. अशांना सहोदर प्रजाती म्हणतात.

या निष्कर्षाचं वजन लक्षात यायला त्या काळचा व्यवहार आठवावा लागेल. हा कृमी आर्क्टिकपासून उष्ण कटिबंधापर्यंत जगभर आढळतो आणि जिथे आढळतो तिथे प्रदूषण असतं, अशी धारणा तोवर रूढ झाली होती. एका किनाऱ्याच्या थोड्याशा टप्प्यात सहा निघाल्या, तर ‘जगभर पसरलेली एक प्रजाती’ हे विधानच कोलमडतं. ते शेकडो अहवालांमध्ये कोरलेलं होतं.

तेलगळतीनंतर उसळलेल्या, प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या प्रजातीला ‘कॅपिटेला प्रजाती 1’ असं कामचलाऊ नाव मिळालं. त्या नावानेच तिच्यावर दशकानुदशकं शोधनिबंध निघत राहिले. 2009 मध्ये जेम्स ब्लेक, ज्युडिथ ग्रासल आणि केव्हिन एकेलबार्गर यांनी तिला रीतसर नाव दिलं, कॅपिटेला टेलेटा. त्याच वर्षी ब्लेक यांनी ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे नमुने घेऊन मूळ कॅपिटेला कॅपिटाटाचं नव्याने वर्णन केलं आणि तिच्यासाठी नवा प्रमाण-नमुना, म्हणजे नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं असा प्राणी, नेमला, कारण 229 वर्षं जुन्या नावामागे नेमका कोणता प्राणी आहे हे आधी पक्कं व्हायला हवं होतं. 2013 मध्ये टेलेटाचा जीनोमही प्रसिद्ध झाला. तेलाने मेलेल्या खाडीतला कृमी प्राण्यांच्या उत्क्रांतीच्या अभ्यासाचा आधार झाला.

नावाचं गणित

‘सहा असोत की एक, प्रदूषण ते प्रदूषणच,’ असं कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही, आणि का नाही हे आकड्यांनी दाखवते. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले, काल्पनिक आहेत.

एका नमुन्यात 1000 प्राणी. त्यांत 970 कॅपिटेला आणि इतर तीन प्रजातींचे दहा-दहा. विविधतेचा शॅनन निर्देशांक, दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम घेऊन, येतो 0.24; हा आकडा जितका मोठा तितकी विविधता जास्त. तळ आजारी आहे, हे आकडा ओरडून सांगतो. आता समजा डीएनए पाहिल्यावर त्या 970 मध्ये तीन प्रजाती निघाल्या, 400, 320 आणि 250. गाळ तोच, बाटली तीच. निर्देशांक मात्र जातो 1.75 वर. पाच वर्षांपूर्वीचा अहवाल जुन्या नावाने आणि यंदाचा नव्या ओळखीने केला असेल, तर कागदावर तळ सुधारलेला दिसेल. प्रत्यक्षात एकही प्राणी बदललेला नाही.

उलट दिशेनेही फसगत होते. 2000 मध्ये मांडलेला आणि युरोपात पाण्याची प्रत ठरवायला मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा अँबी निर्देशांक प्रजातींना पाच गटांत वाटतो. पहिला गट प्रदूषण न सोसणाऱ्यांचा, पाचवा पक्क्या संधिसाधूंचा. कॅपिटेला कॅपिटाटा पाचव्यात. पण सहोदरांपैकी प्रत्येकीची पसरण्याची, वयात येण्याची रीत एकसारखी नाही. सगळ्यांना सरसकट पाचव्या गटात टाकणं म्हणजे एका भावाच्या कर्तृत्वावरून दुसऱ्याला दोष लावणं. एखाद्या शांत, नैसर्गिकरीत्या सेंद्रिय द्रव्य साचणाऱ्या खाडीत भलतीच सहोदर प्रजाती मुक्कामी असेल, तर आपण त्या खाडीवर प्रदूषणाचा शिक्का मारून मोकळे होऊ.

सँडर्स यांच्या 1968 च्या पद्धतीकडे आता वळते. नमुना जितका मोठा तितक्या प्रजाती जास्त सापडणार, म्हणून असमान नमुन्यांची तुलना अन्यायाची ठरते. त्यांनी विचारलं, प्रत्येक नमुन्यातून सारखेच प्राणी, समजा शंभर, काढले असते तर किती प्रजाती मिळाल्या असत्या? या रीतीला रेअरफॅक्शन म्हणतात. तिच्या सूत्रात चूक होती. 1971 मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी ती दुरुस्त केली आणि दुरुस्त रूप आजही वापरात आहे. पण सूत्र कितीही निर्दोष असलं तरी त्याला दिलेली प्रजातींची यादीच सैल असेल तर उत्तरही सैलच. मोजणीची चूक दुरुस्त करता येते, ओळखीची चूक पुढच्या प्रत्येक मोजणीत मुरत जाते.

याचा अर्थ कॅपिटेलाला दर्शक म्हणून टाकून द्यावं असा मुळीच नाही. 1978 मध्ये टी. एच. पिअर्सन आणि रुटगर रोझेनबर्ग यांनी प्रदूषणाच्या तोंडापासून दूर जाताना तळाचा समुदाय कसा बदलतो याचं चित्र रेखाटलं. उगमापाशी निर्जीव गाळ, मग मोजक्या चिमुकल्या कृमींची तुफान गर्दी, पुढे संक्रमणाचा पट्टा, आणि सर्वांत लांब खोल बिळं करणारे मोठे, दीर्घायुषी प्राणी. ते चित्र ठिकठिकाणी खरं उतरलं आहे, आणि गर्दीच्या टप्प्यावर कॅपिटेला वंशातलं कोणी ना कोणी हमखास भेटतं. माझं म्हणणं इतकंच की वंशाच्या पातळीवरचं निरीक्षण प्रजातीच्या नावाने मांडू नये. ‘गाळात कॅपिटेला वंशाची एकहाती गर्दी आहे, वरच्या दोन सेंटिमीटरमध्येच जीव आहेत, खोल बिळं नाहीत’ हे वाक्य ‘कॅपिटेला कॅपिटाटा 97 टक्के’ या वाक्यापेक्षा जास्त सांगतं आणि खोटं काहीच बोलत नाही.

फ्रेड ग्रासल यांनी पुढे हाच प्रश्न खोल समुद्रात नेला. 1977 मध्ये त्यांनी 1760 मीटर खोलीवर निर्जीव गाळाच्या पेट्या ठेवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन महिन्यांनी तर सोडाच, 26 महिन्यांनीही त्या पेट्यांत आजूबाजूच्या तळाच्या मानाने फारच थोडे प्राणी आले होते. उथळ खाडीत कॅपिटेला जे महिन्यांत करतो ते तिथे वर्षांतही होत नाही. 1992 मध्ये नॅन्सी मॅसिओलेक यांच्यासह त्यांनी 1500 ते 2500 मीटर खोलीवरच्या 233 नमुन्यांतून 798 प्रजाती नोंदवल्या. त्यांत सर्वांत मोठा वाटा पॉलिकीटांचा. वाइल्ड हार्बरमधली एका कृमीची गर्दी आणि हे खोल तळावरचं वैभव एकाच माणसाने एकाच प्रकारच्या चाळणीवर बसून पाहिलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

गाळ विसरत नाही

सँडर्स आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये गळतीचा दीर्घ लेखाजोखा मांडला. जास्त तेल बसलेल्या जागांवर समुदाय वर्षानुवर्षं अस्थिर राहिला. एखादी प्रजाती उसळायची, कोसळायची, दुसरी यायची. कमी तेल लागलेल्या जागा लवकर स्थिरावल्या. परतीचा वेग जागेगणिक इतका वेगळा की संपूर्ण खाडीसाठी एक तारीख सांगणंच चुकीचं ठरलं असतं.

खाजणातला चिखल तर आणखी चिवट. तीस वर्षांनी क्रिस्टोफर रेड्डी यांच्या गटाने वाइल्ड हार्बरच्या खाजणात गाळाचा उभा नळकांडी नमुना काढला तेव्हा पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरवर, प्राणवायू न पोचणाऱ्या थरात, ते तेल अजून सापडलं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथले फिडलर खेकडे बिळं खोदताना तेलाच्या थरापाशी पोचल्यावर वळतात, उथळ बिळं करतात, असं दिसलं. 1969 च्या एका पहाटेचा अपघात, आणि अडतीस वर्षांनी खेकड्याच्या बिळाचा आकार त्याने ठरतो आहे.

माझ्या वहीत अनेक वर्षांच्या पानांवर ‘कॅपिटेला कॅपिटाटा’ असं लिहिलेलं आहे. ते नमुने फॉर्मलिनमध्ये बसवलेले आहेत. फॉर्मलिनने शरीराचा आकार छान टिकतो, डीएनएचे मात्र तुकडे होतात. म्हणून त्या बाटल्यांतल्या कृमींना त्यांचं खरं नाव विचारायची सोय आता फारशी उरलेली नाही. त्या पानांवर मी नावापुढे तारीख घालून ‘व्यापक अर्थाने’ एवढं लिहिलं आहे, आकडे बदललेले नाहीत. नव्या खेपेला चाळणीतून कॅपिटेला निघाले की फॉर्मलिनची बाटली उघडण्याआधी त्यांतले दहा उचलून तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवते. चाळणीत अंड्यांचं अस्तर असलेली नळी अख्खी मिळाली, तर ती पाण्यात ठेवून आधी अंड्याचा व्यास मोजते, मग बाकीचं काम.